निळं उठलं नाही

माझ्या दुकानातल्या कपाटात एक हार्ड डिस्क आहे आणि तिच्यात दुसऱ्या कुणाच्या वडिलांच्या चाली आहेत. त्या माझ्याकडे आहेत हे त्यांच्या मुलीला ठाऊक नाही. तिला वाटतं, वडिलांबरोबर त्या गेल्या. तसं मीच तिला वाटू दिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दर वर्षी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालताना देवालाही नाही. देवाला काय, सगळं माहीतच असतं, असं म्हणून मी ते सोडून द्यायचो. खरं तर तोंडातून निघत नव्हतं.

मालवणच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, स्कॅनिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. समोर पूर्वी जाळ्यांचं दुकान होतं, आता तिथे स्कूबाचं बुकिंग चालतं. लोक जुने दाखले आणतात, फेरफार आणतात, आजोबांचे कागद आणतात आणि विचारतात, "ह्यां कसल्यात ठेवूया?" म्हणजे स्कॅन केलेला कागद कुठल्या जातीच्या फाईलमध्ये ठेवायचा. मी उलट विचारतो, कशासाठी हवा? मोबाईलवर पाठवायचा तर पीडीएफ. फोटो असेल तर जेपेग, पण ती पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, दर वेळी थोडी झिजते. आणि मूळ कागद उद्या राहणार नसेल, तो जसाच्या तसा ठेवायचा असेल, तर टिफ. जड होते, पण कागदावरचं काही गाळत नाही. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागतात. सगळ्यांना सारखंच सांगतो. एकदाच मी ते उलटं सांगितलं.

दुकान पोटासाठी. मनाने मी भजनातला माणूस. आमच्या वाडीच्या भजन मंडळात पंचविसेक वर्षं मी बुवांच्या मागे बसलो. ज्यांनी आमच्याकडचं भजन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुवा पुढे पेटी घेऊन बसतो, वाजवतो तोच आणि गातोही तोच. बाजूला पखवाज. मागे झांजा घेतलेले गडी, ते बुवाची ओळ उचलून धरतात. डबलबारी म्हणजे असे दोन बुवा समोरासमोर. एकाने गायचं, दुसऱ्याने त्यावर कडी करायची, मधे मधे एकमेकांना चिमटे काढायचे, आणि आज कोणाचं भारी झालं ते गावाने ठरवायचं. आमचे बुवा त्यात पटाईत होते. गजर, म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलायचं भजन, स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायचे, आणि समोरच्याला असा टोमणा मारायचे की तो घरी जाऊन जेवताना हसायचा.

त्यांच्या मागच्या गड्यांत पहिला मी.

बुवांच्या सात वह्या होत्या. लांबट, दोऱ्याने शिवलेल्या, खाऱ्या हवेने फुगलेल्या. शब्द शाईने लिहिलेले. पण वहीची खरी गंमत पेन्सिलीत होती. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी सुताराकडे असते तसली पेन्सिल बुवा कानावर ठेवत. लाल ते दाबून ओढायचे. शब्दांखाली लाल रेघ म्हणजे इथे सगळ्यांनी धरायचं. निळी मात्र अगदी हलक्या हाताने. अक्षरांच्या डोक्यावर चढत्या-उतरत्या बारीक निळ्या रेघा म्हणजे चाल. आवाज कुठे वर न्यायचा, कुठे लांबवायचा, कुठे दम घ्यायचा, पखवाज कुठे गप्प करायचा. बुवांना स्वरलिपी येत नव्हती. ही त्यांची स्वतःचीच होती.

आणि कुठे कुठे, ओळीच्या शेवटाला, एक छोटं निळं वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे मी. तिथे बुवा ओळ अर्धी सोडून द्यायचे आणि उरलेली मी एकट्याने उचलायची. पखवाजही तेवढ्यापुरता थांबायचा. असायचे दोन-चार शब्दच. पण तेवढा वेळ देवळात माझ्या आवाजाशिवाय दुसरं काही नसायचं.

"ह्यां तुझां घर," त्या वर्तुळावर नख ठेवून बुवा म्हणायचे. "हयसर मी येवचंय नाय." इथे मी येणार नाही, म्हणजे.

बुवा वही कुणाच्या हातात देत नसत. गाताना ती त्यांच्या मांडीवर उघडी असायची आणि मी मागून, त्यांच्या खांद्यावरून, इतकी वर्षं बघत आलो. म्हणून मला ती वाचता यायची. दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पखवाजवाल्याला विचारलंत तर तो सांगेल, "बुवा थांबले काय मी थांबतंय. वही कित्याक व्हयी?"

पुढे बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. मंडळाचे आम्ही सगळे त्यांच्या ओटीवर जमलो. गणपती जवळ आलेले, बाऱ्या ठरलेल्या, पेटीवर बसायचं कोणी ते ठरवायचं होतं. खरं सांगतो, मी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो.

बुवांची मुलगी त्यांच्या उशाला उभी होती. पस्तिशीची असेल. लग्न होऊन तळेऱ्याकडे गेलेली, वडिलांच्या आजारपणासाठी परत आलेली आणि मग इथेच राहिलेली. लहानपणी ती आमच्यात झांज घेऊन बसायची, गाणं कानानेच शिकली. बुवांनी डावा हात वर केला आणि तिच्याकडे दाखवला.

"पेटी... हिच्याकडे."

मग पखवाजवाला म्हणाला, "बरां झालां, बुवानू! चेडू पेटीर बसलां तर समोरचो बुवा लाजान गावचो नाय. आपण गाण्याआधीच जिंकलाव!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

त्या दिवसापासून माझ्या मनात काय चालू होतं ते सांगायला मला 'जळफळाट' एवढा एकच शब्द सापडतो आणि तोही पुरत नाही. सरावाला ती गायची तेव्हा मी तिच्या चुका टिपायचो. एखादी चूक सापडली नाही तर त्या दिवशी मला झोप नीट लागायची नाही. कुणी म्हणालं, छान गाते हो, की मी म्हणायचो, "होईल तयार." जणू माझ्या हाताखाली तयार होत होती. एकदा जेवताना बायको सहज म्हणाली, "चेडवाचो आवाज बरो हा. बापाशीचोच." मी म्हटलं, आमटीत मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं.

आणि ती माझ्याशी वाईट वागली असती तरी बरं झालं असतं. ती मला काका म्हणायची, गाण्याआधी वाकून नमस्कार करायची. कुठल्याही गजराला हात घालण्याआधी मागे वळून विचारायची, "काका, बरोबर ना?" माणूस आपल्याला मान देतो आणि तरी आपल्याला तो नको असतो, याच्याइतकं ओंगळ दुसरं काही नसेल.

बुवा त्या पावसाळ्यातच, गणपतीआधी गेले आणि त्या वर्षीच्या बाऱ्या राहिल्या. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं आम्हाला लागत नव्हतं. निळ्या रेघांबद्दल ते मुलीला काही सांगू बघत होते का, मला माहीत नाही. सांगू बघत असतील. एक मात्र त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, फार आधी, धडधाकट होते तेव्हाच. माझ्या पाठीमागे वह्या पाण्यात सोडा. आमच्याकडे देवाचं नाव लिहिलेला कागद रद्दीत घालत नाहीत, जाळतही नाहीत. पाण्यात सोडतात.

वर्षश्राद्धाआधी, पुढच्या मे महिन्यात ती दुकानात आली. काजूगराच्या पिशवीत सातही वह्या.

"काका, बाबांनी सांगलेलां तसां करूक व्हयां. पण त्याआधी सगळां उतरून घेया. तुमीच करा. दुसऱ्याकडे देवक माझां मन होवचां नाय."

मी ते काम मनापासून केलं, हेही इथे लिहायला हवं. एकेक पान काचेवर ठेवून, दोरा न ओढता, कडा न दुमडता. रंगीत, टिफमध्ये, यंत्र जेवढी बारकाई देईल तेवढी. पडद्यावर पान मोठं करून बघितलं की पेन्सिलीचे कण दिसायचे. आमसुलाचा एक डाग होता, त्याच्या कडा दिसायच्या. आणि वर्तुळं. माझी सगळी वर्तुळं. मोठी करून बघितली तर कळायचं की बुवांनी ती एका दमात काढलेली नाहीत. प्रत्येक वर्तुळ दोनदा फिरवलेलं.

काम संपत आलं तेव्हा ती बघायला आली. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि पडद्याकडे वाकली.

"ह्यां निळां काय तां, काका?"

मी ओळींवरून कर्सर फिरवत होतो. तो थांबला. तिला सगळं समजावून सांगायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नसता.

"काय नाय गो," मी म्हटलं. "पेन्सिल हातात आसली काय तेंचो हात चलायचो. रेघोट्यो मारीत बसायचे."

"होय? माका वाटलां, काय तरी आसात."

"नाय, नाय."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मगे कसल्यात ठेवूया?"

दिवसभर मला लोक विचारतात तोच प्रश्न. त्याचं उत्तर मला येत होतं. मूळ कागद पाण्यात जाणार आहे, तेव्हा टिफ, रंगीत, दोन ठिकाणी ठेव, मोबाईलसाठी वेगळी पीडीएफ काढून देतो. परक्या माणसाला मी हेच सांगितलं असतं.

"ह्यो मोठ्यो फायली मोबाईलवर उघडूच्यो नाय," मी म्हटलं. "गोल फिरत रवतलां. तू पेटीर बसलंस काय तुका पान फटदिशी गावूक व्हयां. काळ्या-पांढऱ्यात पीडीएफ करतंय. अक्षर ठळक, पान पांढरांशुभ्र. आमसुलाचे डागसुद्धा जातले."

"आणि ह्यो रेघोट्यो?"

"त्यो पण जातल्यो. साफ होतलां."

"मोठी फाईल?"

"जागा खाता. काढून टाकतलंय."

ती हसली. "माका काय कळता त्यातलां! तुमका कळता तां करा."

तुम्हाला कळतं ते करा. मी अगदी तेच केलं.

काळ्या-पांढऱ्या फाईलमध्ये मधलं असं काही नसतं. पानावरचा प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. किती फिकं असेल तोवर त्याला पांढरं समजायचं, हे माणसाने सांगायचं असतं. पडद्यावर एक खुंटी असते, ती डावी-उजवीकडे सरकवायची. एका टोकाला नेली की निळं उठतं, पण त्याबरोबर दमट कागदाची छाया, डाग, मागच्या पानावरची शाई असं सगळंच उठतं आणि पान बघवत नाही. दुसऱ्या टोकाला नेली की शाईसुद्धा तुटायला लागते. मधे एक जागा होती. तिथे डाग थोडे राहत होते, आणि निळ्या रेघा बारीक काळ्या होऊन दिसत होत्या. वर्तुळंसुद्धा. ती जागा मला सापडली होती. मी तिथे थांबून एक पान पूर्ण वाचलं, मनातल्या मनात गाऊनही बघितलं. मग खुंटी पुढे सरकवली. निळं गेलं. वर्तुळं गेली. दाबून ओढलेली लाल रेघ काळी होऊन राहिली.

गिऱ्हाईकाने तक्रार केली की आम्ही झेरॉक्सवाले म्हणतो, निळं उठत नाही हो, मशीनला दिसत नाही. मशीनला दिसलं होतं.

रंगीत फाईली मी काढून टाकल्या नाहीत. हार्ड डिस्कवर ठेवल्या, कपाटात, लॅमिनेशनच्या कागदांच्या मागे. स्वतःला म्हटलं, सांभाळून ठेवतोय. कुणासाठी, ते म्हटलं नाही.

पीडीएफ मंडळाच्या ग्रुपवर गेली आणि माझं कोण कौतुक झालं. बुवांचं अक्षर मोत्यासारखं दिसतंय म्हणे. कोणी हात जोडल्याची चित्रं पाठवली, कोणी फुलं. बुवांना तुम्हीच खरे ओळखलंत, असंही एकाने लिहिलं. मी त्याला उलट हात जोडले.

मग वह्या सोडायचा दिवस. देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे आम्ही होडीने गेलो. ती, मी, पखवाजवाला आणि होडीवाला. शेजारून पर्यटकांच्या बोटी आरडत-ओरडत जात होत्या, वर आकाशात कोणीतरी रंगीत छत्रीला लोंबकळत होतं. होडीवाल्याने यंत्र बंद केलं. तिने पिशवी मांडीवर घेतली, पहिली वही बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, सगळां इलां मा?"

म्हणजे, सगळं उतरलं ना? काही राहिलं नाही ना? नाही तर ही शेवटची वेळ आहे.

"सगळां इलां," मी म्हटलं.

तिने एकेक वही पाण्यावर ठेवली. सहा हळूहळू खाली गेल्या. सातवी उघडली आणि पानं पसरून तरंगत राहिली.

"सातवी काय बुडणा नाय," पखवाजवाला डोळे पुसत म्हणाला. "बुवांचो शेवटचो गजर नेहमीच लांबायचो."

ती रडता रडता हसली. मी पाण्याकडे बघत होतो. वही उलटी झाल्यावर मला बरं वाटलं.

पेटीवर तिची पहिली मोठी डबलबारी त्याच वर्षीच्या गणपतीत झाली. समोर सावंतवाडीकडचा बुवा, मुरलेला, तोंडाने तिखट. दिवेलागणीला आम्ही बसलो तेव्हाच मांडव भरलेला होता. बुवांची मुलगी गाणार म्हणून लांबून बायका आल्या होत्या. पेटीवर तिने मोबाईल उभा केला आणि त्यात मी केलेलं पांढरंशुभ्र पान उघडलं.

सरावात कधी न घेतलेला, बुवांचा गाजलेला गजर तिने आयत्या वेळी घेतला. शब्द एकही चुकला नाही. पण चाल कुठेतरी सपाट व्हायला लागली. जिथे बुवा वर जायचे तिथे ती सरळच गेली. जिथे दम घ्यायचे तिथे तिने घेतला नाही, मग भलत्याच ठिकाणी घ्यावा लागला. आणि माझी पहिली जागा आली. मी झांज छातीशी आवळून धरली, तोंड उघडलं. तिने ओळ सोडलीच नाही. पुरी स्वतःच गायली आणि पुढच्या कडव्याला गेली. माझं तोंड उघडंच राहिलं. शेजारच्या गड्याने माझ्याकडे बघितलं.

मला राग आला. बघा, मी मनात म्हटलं, बापाने दिलेलं माझं घर हिने पहिल्याच दिवशी बळकावलं. दुसऱ्या जागेलाही तेच. तिसरी आली तेव्हा मी तिच्या खांद्यावरून पुढे वाकलो, जसा बुवांच्या खांद्यावरून वाकायचो, आणि मोबाईलमधलं पान बघितलं. ओळीच्या शेवटाला स्वच्छ पांढरं होतं.

तिने माझं घर घेतलं नव्हतं. तिथे घर होतं हेच तिला माहीत नव्हतं.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की आता मी शहाणा झालो असेन. नाही. त्याच क्षणी मला ओळ उचलता आली असती. चाल मला पाठ होती. मागून दोन सूर चढवून दिले असते तर ती हुशार आहे, तिने पकडली असती. मी झांज वाजवत राहिलो. नेमून दिल्यासारखी, ठेक्यात.

समोरच्या बुवाची पाळी आली. त्याने पेटीवर हलकेच बोटं फिरवली, गालात हसला आणि म्हणाला, "बाय गो, होडी बापाशीनच बांधलेली हा, दिसता माका. पण सुकाणू घराकडेच रवलां काय?"

मांडव खदखदला. तिनेही हसून हात जोडले. डबलबारीत तसंच करायचं असतं. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. मी मागे होतो, मला दिसल्या.

परतताना टेम्पोत ती माझ्या समोर बसली होती. तिने मोबाईल पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "चूक माझीच, काका. बाबा ह्ये गजर बांधीत होते तेव्हा मी सासरी होतंय. माका शब्द गावले. बाबा नाय गावले." गावले म्हणजे सापडले.

"होता तसां," मी म्हटलं. "येतलां हळूहळू."

डिस्क तेव्हा दुकानात होती. टेम्पो माझ्या दुकानावरूनच गेला.

एखाद्याचं काही काढून घेतलं की तो खाली बसेल, असा आपला हिशेब असतो. ती खाली बसली नाही. त्या शब्दांना तिने स्वतःच्या चाली लावायला घेतल्या. आधी चाचरत, मग धिटाईने. सरावाला यायची ती भात झोडताना सुचलेलं, स्कूटरवर सुचलेलं गुणगुणत. दुसऱ्या वर्षी तिने तोच गजर तिच्या चालीत गायला आणि मांडव उभा राहिला. समोरच्या बुवाने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या चालीत ओळ एकट्याने उचलायची जागा कुठेच नाही. सगळे एकदम उचलतात. ते चांगलं वाटतं. मलाही वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. मी तिच्याकडून बुवा काढून घेतले आणि तिने त्या रिकाम्या जागेत स्वतःला बसवलं. जळायला मला आता दोन माणसं झाली, एक बुवांची मुलगी आणि दुसरी ही नवी बुवा.

मालवणात दुपारी बाजार झोपतो. मी शटर अर्धं ओढून घ्यायचो, डिस्क लावायचो आणि पान उघडायचो. निळ्या रेघांवर बोट ठेवून हळू आवाजात गायचो. हे सगळं आता फक्त माझं, या जगात मलाच वाचता येतं, या समाधानाने पहिले काही दिवस चांगले गेले. मग कळायला लागलं. वर्तुळातले दोन-चार शब्द मी असे म्हणतो की बुवा असते तर मान डोलावली असती. पण वर्तुळापर्यंत पोचायला अख्खी ओळ गावी लागते, आणि ती माझ्या गळ्याला येत नाही. रेघ वर जाते, मी जात नाही. बुवांना हे माहीत असणार. म्हणूनच त्यांनी मला घर दिलं आणि पेटी तिला दिली. हे कळायला मला चोरी करावी लागली.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी डिस्क लावली तर उघडेना. आतून टिकटिक आवाज. आमच्याकडे खारी हवा कुणाला सोडत नाही, पंख्याच्या पात्यांना गंज चढतो, तर हिचं काय. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण तेच लिहायला मी बसलो आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. आता देण्यासारखं काही उरलंच नाही. मग वायर काढून पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि संध्याकाळी कधीतरी ती उघडली. मी त्याच वेळी दुसऱ्या नव्या डिस्कवर सगळी पानं उतरवून घेतली. तीही कपाटात ठेवली.

आणि आता पंधरवड्यापूर्वी ती दुकानात आली. हातात तिच्या मुलीचा शाळेचा दाखला, स्कॅन करायला. काम झाल्यावर गेली नाही. स्टूल ओढून बसली, त्याच स्टुलावर.

"काका, नारळी पुनवेनंतर वाडीतल्या चेडवांक भजन शिकवूचां म्हणतंय. धा-बारा जणी तयार आसत."

"बरां आसा."

"पण माझ्यो चाली माझ्यापुरत्यो. त्येंका बाबांच्यो चाली गावूक व्हयत. नायतर बाबा माझ्याकडेच संपतले. आणि त्यो आता कोणाक येतत? तुमकाच." मग एकदम म्हणाली, "तुमी पेटीर बसा. मी मागे झांज घेतंय."

मी पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते तिने, दाखल्याची घडी घालता घालता, मला देऊन टाकलं.

"बघूया," मी म्हटलं.

"बघूया काय? भाव खातास होय, काका?" ती हसली आणि चपला पायात सरकवून गेली.

मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मी त्या दुपारी सगळं डोळ्यांपुढे आणलं. आदल्या दिवशी डिस्क लावायची, पान बघून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी मुलींपुढे डोळे मिटून गायचं. लोक म्हणाले असते, काय स्मरणशक्ती आहे हो. गळा चढला नसता तरी म्हणाले असते, वय झालं, पण चाल बघा, अस्सल बुवांची. कुणाला कळलं नसतं. आणि ती मागे झांज घेऊन बसली असती, जिथे मी बसायचो तिथे, माझ्या खांद्यावरून बघत. तिला दिसायला माझ्या मांडीवर वही नसती, एवढंच.

त्या कल्पनेत मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. थोडा झाला. म्हणूनच मी 'बघूया'च्या पुढे गेलो नाही.

नारळी पौर्णिमा अजून यायची आहे. होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली ठेवलेल्या आहेत, समुद्र तांबडा आहे. तिने नंतर पुन्हा विचारलेलं नाही. सरावाला भेटते, वाकून नमस्कार करते, मागे वळून विचारते, "काका, बरोबर ना?"

मी तिचं देणं लागतो ते असं. सातही वह्यांची रंगीत पानं, टिफमध्ये, एकही ठिपका न गाळता. निळ्या रेघांचा अर्थ, मला येतो तेवढा, तिच्या शेजारी स्टुलावर बसून, वर्तुळांसकट. आणि देवबागला होडीत तिने विचारलं त्याचं खरं उत्तर. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.